जुन्या संगणकावर हाय डेन्सिटी फ्लॉपी वाचायची तर

‘जनरल फेल्युअर रीडिंग ड्राइव्ह ए’. त्याखाली अबॉर्ट, रीट्राय, फेल असे तीन पर्याय. जुना संगणक हौसेने चालू करून त्यात पहिल्यांदाच फ्लॉपी घालणाऱ्याला बहुतेक वेळा हाच निरोप मिळतो. मग दोन-तीनदा रीट्राय दाबून बघतात, ड्राइव्ह करकरतो, आणि फ्लॉपी ‘गेली’ असं ठरवून मोकळे होतात.

मी ओळखीच्यांच्या फ्लॉप्या वाचून देतो. कुणाच्या वडिलांचे हिशेब असतात, कुणाच्या छापखान्यातली पुस्तकं. ‘गेली’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बऱ्याच फ्लॉप्या धडधाकट निघाल्या. त्या जास्त क्षमतेच्या होत्या आणि समोरच्या यंत्राला ती क्षमता झेपत नव्हती, एवढंच. म्हणून हा लेख. फ्लॉपी वाचली जात नसेल तर अडतंय कुठे ते आधी शोधा, निकाल नंतर लावा.

सगळ्यात आधी: लिहिणं बंद करा

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही याची सोय करा. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यात सरकणारी छोटी पट्टी असते. ती अशी सरकवा की भोक उघडं राहील. उघडं भोक म्हणजे लिहायला मनाई. सव्वापाच इंचीचं उलट आहे. तिच्या कडेला चौकोनी खाच असते, ती झाकली की लिहायला मनाई. काही ड्राइव्ह ही खाच प्रकाशाने तपासतात, म्हणून पारदर्शक सेलोटेप चालत नाही. काळी इन्शुलेशन टेप लावा.

ही पायरी कृपया टाळू नका. विंडोज ९५ आणि ९८ नुसती फ्लॉपी उघडून बघितली तरी तिच्या बूट सेक्टरमध्ये (फ्लॉपीच्या अगदी सुरुवातीच्या भागात) आपली खूण लिहून ठेवतात. आणि ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का?’ असा प्रश्न कुठल्याही यंत्राने विचारला तर उत्तर नेहमी ‘नाही’. त्या यंत्राला फ्लॉपी समजलेली नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ.

हातात कोणती फ्लॉपी आहे?

पीसीच्या दुनियेत नेहमी भेटणारे प्रकार चारच. सव्वापाच इंचीत ३६० केबी आणि १.२ एमबी, साडेतीन इंचीत ७२० केबी आणि १.४४ एमबी. प्रत्येक जोडीतली पहिली डबल डेन्सिटी, दुसरी हाय डेन्सिटी. २.८८ एमबीचीही एक जात होती, पण ती इतकी कमी विकली गेली की तुमच्या डब्यात असण्याची शक्यता जवळपास नाही.

साडेतीन इंचीत ओळख सोपी आहे. लिहिण्याच्या पट्टीचं भोक एका कोपऱ्यात असतं; त्याच्या समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक असेल तर फ्लॉपी हाय डेन्सिटी, नसेल तर डबल. झाकणाजवळ ‘एचडी’ अशी अक्षरंही बहुधा असतात. सव्वापाच इंचीत अशी खात्रीची खूण नाही. मधल्या मोठ्या भोकाभोवती जाडसर कडं चिकटवलेलं असेल तर ती बहुधा ३६० केबीची, नसेल तर बहुधा १.२ एमबीची. लेबल असेल तर ते आधी वाचा. मात्र फ्लॉपी कोणत्या जातीची आहे आणि ती कशी फॉरमॅट केली होती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पैसे वाचवायला लोक ७२० केबीच्या फ्लॉपीला ड्रिलने भोक पाडून ती १.४४ म्हणून वापरत.

या आकड्यांमागचं गणित एकदा समजून घ्या, पुढे फार उपयोगी पडतं. फ्लॉपीला दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ट्रॅक म्हणजे एकात एक वर्तुळं, प्रत्येक ट्रॅकचे सेक्टर म्हणजे तुकडे, आणि एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. १.४४ च्या फ्लॉपीवर बाजूला ८० ट्रॅक आणि ट्रॅकला १८ सेक्टर, म्हणजे एकूण १४,७४,५६० बाइट. ७२० केबीत ट्रॅक तेवढेच, सेक्टर ९. सव्वापाच इंची १.२ एमबीत ८० ट्रॅक आणि १५ सेक्टर, तर ३६० केबीत ४० ट्रॅक आणि ९ सेक्टर. (१.४४ हा आकडा तसा विचित्रच. १४४० ला १०२४ ने गुणून बाइट मिळतात. दशलक्षाच्या हिशेबानेही तो ‘१.४४’ होत नाही आणि १०२४ च्या वर्गानेही नाही. तरी तोच रूढ झाला.)

अडतं ते वेगापाशी

जास्त क्षमता याचा अर्थ त्याच फेऱ्यात जास्त बिट. साडेतीन इंचीचा ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे मारतो, डबल डेन्सिटीलाही आणि हाय डेन्सिटीलाही. ट्रॅकवर दुप्पट मजकूर बसवला की ड्राइव्हच्या हेडखालून (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाखालून) तो दुप्पट वेगाने जाणार. डबल डेन्सिटीचा वेग सेकंदाला २५० किलोबिट, हाय डेन्सिटीचा ५००. हा ओघ पकडून त्याचे बाइट करण्याचं काम फ्लॉपी कंट्रोलर करतो, आणि जुन्या संगणकाची खरी मर्यादा इथे असते.

म्हणून फ्लॉपी वाचली जात नसेल तर चार जागा क्रमाने तपासा: फ्लॉपी, ड्राइव्ह, कंट्रोलर, आणि त्यांना चालवणारं बायोस (संगणकात कायम बसवलेला मूळ प्रोग्रॅम) व डॉस (विंडोजच्या आधीची संगणकप्रणाली). चारही जागी ती क्षमता मान्य असेल तरच फ्लॉपी वाचली जाते.

डॉसचं आधी उरकून टाकू. ३६० केबी डॉस २.० पासून, १.२ एमबी ३.० पासून, ७२० केबी ३.२ पासून, १.४४ एमबी ३.३ पासून, २.८८ एमबी ५.० पासून. संगणकावर ‘व्हर’ ही आज्ञा दिली की आवृत्ती कळते. ३.३ पेक्षा जुनी असेल तर १.४४ साठी पुढे काही करण्याआधी डॉस बदला.

तुमचं यंत्र एक्सटी असेल तर

आयबीएम पीसी, एक्सटी (आयबीएमचे ऐंशीच्या दशकातले सुरुवातीचे संगणक) आणि त्यांच्या नकला यांच्या कंट्रोलरला सेकंदाला २५० किलोबिटच माहीत. तुम्ही त्याला १.४४ चा नवा कोरा ड्राइव्ह जोडला तरी हाय डेन्सिटी फ्लॉपी वाचली जाणार नाही. ड्राइव्ह चांगला, फ्लॉपी चांगली, पण बिट दुप्पट वेगाने येतात आणि कंट्रोलरला त्यात काहीच अर्थ लागत नाही. डॉस बदलून हे सुटत नाही.

मात्र तोच १.४४ चा ड्राइव्ह एक्सटीवर ७२० केबीचा ड्राइव्ह म्हणून उत्तम चालतो, कारण फेरे तेच ३०० आणि डबल डेन्सिटीचा वेग कंट्रोलरला जमतो. त्यासाठी ‘कॉन्फिग डॉट सिस’ या फाइलमध्ये ‘ड्राइव्हपार्म=/डी:१ /एफ:२’ अशी ओळ घाला (यंत्रावर अर्थातच रोमन अक्षरांत: DRIVPARM=/D:1 /F:2). ‘डी:१’ म्हणजे बी ड्राइव्ह, ‘एफ:२’ म्हणजे ७२० केबी. ही ओळ मानली गेली नाही तर ‘ड्रायव्हर डॉट सिस’ वापरा. त्यात ड्राइव्हला वेगळं अक्षर मिळतं, एवढाच फरक.

सव्वापाच इंची १.२ एमबीच्या ड्राइव्हची गोष्ट मात्र वेगळी, आणि नवखे इथे हमखास फसतात. तो ड्राइव्ह मिनिटाला ३६० फेरे मारतो. त्यामुळे त्यात ३६० केबीची फ्लॉपी घातली की बिट सेकंदाला ३०० किलोबिटने येतात. एक्सटीच्या कंट्रोलरला हा वेग माहीत नाही. म्हणजे मोठा ड्राइव्ह लावल्यावर लहान फ्लॉपी वाचणंही बंद! ड्राइव्हवर त्याला ३०० फेऱ्यांवर आणणारा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर काम होतं, नाहीतर एक्सटीला ३६० चाच ड्राइव्ह ठेवा.

एक्सटीवर हाय डेन्सिटी हवीच असेल तर ५०० किलोबिटचा कंट्रोलर आणि स्वतःचं बायोस असलेलं कार्ड लागतं. माझा सल्ला विचाराल तर फक्त जुन्या फ्लॉप्या वाचण्यासाठी हा खटाटोप करू नका. ४८६ किंवा पेंटियमचा एखादा संगणक मिळवा, त्यावर १.४४ ची फ्लॉपी वाचा, आणि एक्सटीला हव्या त्या फाइली ७२० किंवा ३६० केबीच्या फ्लॉपीवर उतरवून द्या.

एटी, आणि सव्वापाच इंचीतला सापळा

१९८४ च्या आयबीएम एटीबरोबर १.२ एमबीचा ड्राइव्ह आला आणि ५०० किलोबिटचा कंट्रोलरही. ड्राइव्ह कोणता आहे हे इथे सेटअपमध्ये, म्हणजे यंत्र बॅटरीवर जपून ठेवतं त्या नोंदींमध्ये, सांगावं लागतं. सेटअपची बॅटरी संपलेली असेल तर यंत्र चुकीचा ड्राइव्ह धरून चालतं आणि तुम्ही फ्लॉपीला दोष देत बसता. तेव्हा आधी सेटअप उघडून बघा. १.४४ चे ड्राइव्ह आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ या संगणकांमधून रुळवले, त्यामुळे सुरुवातीच्या एटीच्या सेटअपमध्ये तो पर्यायच नसतो. तिथे १.२ एमबी निवडून डॉसला ‘ड्राइव्हपार्म’मध्ये ‘एफ:७’ सांगून बघा. दोन्हींचा वेग ५०० किलोबिटच असल्यामुळे कंट्रोलरची अडचण येत नाही.

आता सापळा. ३६० केबीच्या ड्राइव्हचा ट्रॅक साधारण ०.३३ मिलिमीटर रुंद. १.२ एमबीला तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रॅक बसवायचे, म्हणून त्याचं हेड निम्मं अरुंद, सुमारे ०.१६ मिलिमीटर. अरुंद हेडने रुंद ट्रॅक वाचायला हरकत नाही, १.२ चा ड्राइव्ह एक ट्रॅक सोडून एक असा सरकत ३६० ची फ्लॉपी व्यवस्थित वाचतो. पण त्याने तिच्यावर लिहिलं की रुंद पट्ट्याच्या मधोमध अरुंद नवा पट्टा उमटतो आणि दोन्ही कडांना जुना मजकूर तसाच राहतो. ती फ्लॉपी परत ३६० च्या ड्राइव्हमध्ये गेली की त्याचं रुंद हेड नवं आणि जुनं एकदमच वाचतं. घोळ तिथेच होतो. ज्याने लिहिलं त्या १.२ च्या ड्राइव्हमध्ये मात्र तीच फ्लॉपी बिनबोभाट चालते, म्हणून माणूस गोंधळतो.

तेव्हा १.२ च्या ड्राइव्हमध्ये ३६० ची फ्लॉपी फक्त वाचा. ३६० च्या यंत्राला फाइल द्यायचीच असेल तर कधीच न वापरलेली किंवा मोठ्या चुंबकाने पूर्ण पुसलेली फ्लॉपी घ्या.

फ्लॉपीची जातही बदलून चालत नाही. सव्वापाच इंची डबल डेन्सिटीच्या थराला चुंबकत्व बदलायला साधारण ३०० ओर्स्टेड लागतात, हाय डेन्सिटीला ६०० च्या आसपास. १.२ ची फ्लॉपी ३६० च्या ड्राइव्हमध्ये फॉरमॅट करायला गेलात तर मजकूर धड बसत नाही. साडेतीन इंचीत हा फरक बराच कमी आहे, म्हणून तिथे काम झाल्यासारखं वाटतं आणि पुढे कधीतरी दगा होतो.

साडेतीन इंचीतलं भोक

बहुतेक पीसीचे १.४४ चे ड्राइव्ह ते दुसरं भोक एका बारीक खिट्टीने चाचपतात. भोक असेल तर हाय डेन्सिटी, नसेल तर डबल. फ्लॉपीची जात आणि तिचं फॉरमॅट जुळत नसेल तर सगळा घोटाळा या भोकापाशी होतो.

समजा हाय डेन्सिटी फ्लॉपी कुणी ७२० च्या ड्राइव्हमध्ये फॉरमॅट केली. त्या ड्राइव्हला भोक कळतच नाही, तो आपला ७२० ने लिहून मोकळा होतो. पुढे ती १.४४ च्या ड्राइव्हमध्ये घातली की ड्राइव्ह भोक बघून ५०० किलोबिटची तयारी करतो, आणि वर २५० चा मजकूर. ‘जनरल फेल्युअर’. उपाय अगदी साधा: भोकावर दोन्ही बाजूंनी टेप लावा आणि पुन्हा वाचा. टेपची कड उचललेली राहू देऊ नका, आत अडकते.

उलटंही घडतं. पीएस/२ च्या सुरुवातीच्या काही मॉडेलांचे ड्राइव्ह भोक तपासतच नव्हते. त्यामुळे बिनभोकाच्या ७२० च्या फ्लॉप्या लोकांनी नकळत १.४४ ने फॉरमॅट केल्या. त्या इतर पीसीवर वाचल्या जात नाहीत. इथे ड्रिल हातात घेऊ नका, प्लास्टिकचा भुगा आत जाऊन चकतीवर ओरखडे पडतात. तसाच भोक न बघणारा ड्राइव्ह मिळाला तर उत्तम. नाहीतर टाकाऊ एचडी फ्लॉपीचं कवच उघडून आपली चकती अलगद त्यात बसवा. मी हे केलं आहे. हात स्वच्छ हवेत आणि घाई नको.

मॅक आणि अमिगाबद्दल थोडंसं

ॲपलच्या मॅकिंटॉश प्लसचा ड्राइव्ह ८०० केबीचा. तो ट्रॅकप्रमाणे फिरण्याचा वेग बदलतो आणि बिटही वेगळ्या पद्धतीने लिहितो, त्यामुळे पीसीचा कंट्रोलर त्या फ्लॉप्या वाचू शकत नाही. मॅकवर १.४४ वाचणारा ड्राइव्ह १९८८ मध्ये आला. मॅक प्लसमध्ये १.४४ घातली तर तो ती नव्याने तयार करायची का विचारतो. पुन्हा तेच उत्तर: नाही.

कमोडोरच्या अमिगा या संगणकाची युक्ती मला फार आवडते. त्याच्या पॉला या चिपला हाय डेन्सिटीचा वेग झेपत नव्हता. मग अमिगाच्या हाय डेन्सिटी ड्राइव्हने फ्लॉपीच निम्म्या वेगाने, मिनिटाला १५० फेऱ्यांनी फिरवली. बिट दुप्पट, फेरे निम्मे, चिपकडे येणारा ओघ पूर्वीइतकाच. साध्या ८८० केबीच्या अमिगाला मात्र १.४४ ची फ्लॉपी देऊन उपयोग नाही. ७२० केबीची द्या आणि क्रॉसडॉस (पीसीच्या फ्लॉप्या वाचणारा अमिगाचा प्रोग्रॅम) वापरा.

ड्राइव्ह जोडताना

केबलमध्ये मध्येच सात तारांना पीळ दिलेला दिसेल. पिळाच्या पलीकडच्या टोकाला जोडलेला ड्राइव्ह ए, अलीकडचा बी. संगणक चालू केल्यावर ड्राइव्हचा दिवा सतत पेटून राहिला तर केबल उलटी बसली आहे. बंद करून ती नीट बसवेपर्यंत आत फ्लॉपी घालू नका.

आणखी एक, कारण यात मजकूर जातो. फ्लॉपी बदलली हे एटीला ३४ व्या तारेवरून कळतं. ती तार तुटलेली असेल किंवा ड्राइव्हचा जंपर चुकला असेल तर दुसरी फ्लॉपी घातल्यावरही पडद्यावर पहिलीच यादी दिसते. अशा वेळी काही लिहिलं तर पहिल्या फ्लॉपीचा नकाशा दुसरीवर उमटतो आणि तिच्यातल्या फाइली गेल्याच. फ्लॉपी बदलूनही यादी तीच दिसली तर लगेच थांबा. कंट्रोल आणि सी दाबलं की डॉस यादी नव्याने वाचतं. पण तो तात्पुरता इलाज, जंपर आणि केबल बघायलाच हवी.

आता वाचा, पण आधी चकती बघा

आपल्याकडच्या पावसाळ्यात, कोकणात आणि गोव्यात तर हमखास, फ्लॉपीवर बुरशी चढते. साडेतीन इंचीचं धातूचं झाकण सरकवून मागचा गोल तुकडा बोटाने हळूहळू फिरवा आणि उजेडात चकती बघा. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या फ्लॉपीला ओरखडते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या बोळ्याने चकती हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. हेडही अधूनमधून असंच पुसा.

मग निरोप नीट वाचा. पहिल्या क्षणापासून काहीच वाचलं जात नसेल आणि ‘जनरल फेल्युअर’ येत असेल तर क्षमतेचा मेळ बसत नाही. वरच्या चार जागा तपासा. यादी दिसते पण एखाद्याच फाइलशी ‘सेक्टर नॉट फाउंड’ किंवा ‘डेटा एरर’ येतं, तर त्या जागी चकती खरोखर दुखावली आहे. आणि एका ड्राइव्हमध्ये वाचली जाते, दुसऱ्यात नाही, तर बहुधा कुठल्या तरी ड्राइव्हचं हेड रेषेतून सरकलं आहे. म्हणून दोन-तीन ड्राइव्ह जवळ ठेवा. एकात न वाचला जाणारा सेक्टर दुसऱ्यात सहज वाचला गेल्याचं मी कितीदा तरी पाहिलं आहे.

एकेक फाइल उचलत बसण्यापेक्षा पूर्ण फ्लॉपीची प्रतिमा घ्या, म्हणजे सगळे सेक्टर जसेच्या तसे एकाच फाइलीत उतरवा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू त्यासाठी चांगलं. ते आधी सोपा भाग उचलतं, मग अडलेल्या जागांकडे वळतं. प्रतिमेचा आकार बघून खात्री होते: १.४४ असेल तर बरोबर १४,७४,५६० बाइट, १.२ असेल तर १२,२८,८००, ७२० केबी असेल तर ७,३७,२८०, आणि ३६० केबी असेल तर ३,६८,६४०.

यूएसबी ड्राइव्ह स्वस्तात मिळतो आणि १.४४ साठी पुरतो, ७२० साठी बहुधा. ठरलेल्या साच्याबाहेरचं काही त्याला येत नाही. ८०० केबीची मॅक, ८८० केबीची अमिगा किंवा मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या फ्लॉप्यांसाठी वापरलेलं ट्रॅकला २१ सेक्टरांचं फॉरमॅट, यांसाठी ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं छोटं यंत्र घ्या. ते कंट्रोलरला मधून काढूनच टाकतं. हेडखालून जाणारे चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवून आजच्या संगणकाकडे पाठवतं, आणि अर्थ लावण्याचं काम तिथे होतं. त्याला साधा जुना पीसी ड्राइव्हच लागतो. मात्र सव्वापाच इंचीच्या ड्राइव्हला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्यावा लागतो.

फाइल उघडली, पण मराठी कुठे आहे?

शेवटचा धक्का इथे बसतो. फाइल पूर्ण उतरली, उघडली, आणि आत मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच. ही फ्लॉपीची चूक नाही, पुन्हा वाचायची गरज नाही. नव्वदच्या दशकातलं बरंच मराठी टंकन श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये झालं, किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर (संगणकात बसवायचं भारतीय भाषांचं कार्ड) इस्की या संकेतात. युनिकोड रुळण्याआधीचा तो काळ. त्या फाइली आजच्या संगणकाला नुसते आकडे म्हणून दिसतात. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत काढा, लेबलवर किंवा घरच्यांच्या आठवणीत त्या वेळच्या सॉफ्टवेअरचं नाव मिळतं का ते बघा, आणि त्याच फाँटसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरमधून प्रत युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं आणि रफार इथेच सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून पहिली दोन पानं डोळ्यांनी ताडून घ्या आणि मगच बाकीच्या फाइली लावा.